पायदळ

आबा सैन्यात होते असं मी शाळेत कुणाला सांगितलं, की घरी आल्यावर ते मला दुरुस्त करायचे. "सैन्य लय मोठं असतंय बाळा. आपण पायदळात." हा शब्द ते पहिल्या दोन अक्षरांवर किंचित रेंगाळून म्हणायचे. बाकीच्यांना त्यात दळ ऐकू येतं. त्यांना पाय ऐकू यायचा.

दिवेलागण झाली की ओसरीच्या पायरीशी पितळी घंगाळ यायचं. त्यात चुलीवरून उतरवलेलं कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ. आबा खालच्या पायरीवर बसायचे, आम्ही तिघं भावंडं वरच्या. "फूट इन्स्पेक्शन," असं म्हणायचे, पण अगदी हळू, देवळात बोलावं तसं. मग एकेकाचा पाय मांडीवर घ्यायचे. आधी घोटा. मग टाच, ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघायची. तळव्यावरून बोट फिरवून कुठं काही टोचतंय का ते चाचपायचं. नखं बघायची. आणि सगळ्यात शेवटी बोटांच्या बेचक्या. प्रत्येक बेचकीत टॉवेलाचं टोक घालून ती कोरडी करायची. "पाणी हितं राहतंय," ते सांगायचे. "वरनं पाय सुका दिसतोय, अन् कुजायला लागतंय ते हितनं."

एका वेळी एकच पाय. दुसरा चपलेतच राहू द्यायचा, हा त्यांचा नियम होता. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पळायची पाळी आली तर एक तरी पाय तयार पायजे." आमच्या ओसरीवर पळायची पाळी कशानं येणार होती ते मला कळलं नाही. पण नियम आम्ही पाळला.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. शाळा तीन किलोमीटर लांब आणि वाट उसाच्या पाटाकडेनं. जून ते सप्टेंबर त्या वाटेवर चिखलाशिवाय काही नसायचं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या पायाला चिखल्या व्हायच्या, बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटायची आणि पोरं बाकाखाली पायावर पाय घासत बसायची. आम्हा तिघांना एकदाही झाल्या नाहीत. त्या वयात मला याचा अभिमान वाटायचा. जिव्हाळा म्हणून त्याची ओळख फार उशिरा पटली.

त्यांच्या काळ्या ट्रंकेत पत्र्याची एक डबी होती. तीत दोन सुया, मेणबत्तीचा तुकडा, बोरिक पावडर, कापसाचा बोळा आणि आमसुलाच्या तेलाचा पिवळट गोळा. भेगांना ते तेल पातळ करून भरायचं. बाभळीचा काटा मोडला असेल तर सुई मेणबत्तीवर धरून, निववून, काट्याच्या भोवतीची कातडी इतक्या हळूवार सोडवायची की आपण ओरडायची तयारी करेपर्यंत काटा त्यांच्या तळहातावर आलेला असायचा. मग तो काटा ते आपल्याला दाखवायचे. दाखवल्याशिवाय टाकायचे नाहीत.

सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असणं नवलाचं नाही. आमच्याकडचं अपशिंगे हे गाव तर सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये निघाली तीही साताऱ्यात. आबांचा मात्र शाळांशी संबंध सातवीपर्यंतच. चीनच्या युद्धानंतरच्या वर्षी, १९६३ मध्ये, भरती जोरात होती. एकोणिसाव्या वर्षी ते भरती झाले आणि मीटरगेजच्या गाडीनं मिरजेवरून बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात गेले.

भरतीच्या वेळी त्यांचे पाय ओले करून त्यांना कोरड्या फरशीवर उभं केलं होतं. तळव्याला कमान असली तर ठशात मध्ये जागा सुटते. सपाट पायाचा ठसा सबंध उमटतो, आणि सपाट पायाच्या मुलाला घरी पाठवतात. आबांच्या पुढचा मुलगा छाती-उंचीत पास होऊन तेवढ्या एका ठशावर परत गेला. तो रडला, असं आबा सांगायचे. आमच्यापैकी प्रत्येकाला त्यांनी शहाबादी फरशीवर तसं उभं करून बघितलं होतं. माझ्या ठशाकडे बराच वेळ बघून म्हणाले होते, "कमान हाय. चालशील." पुढं पुण्याला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना मला सगळ्यांनी बरंच काही सांगून पाठवलं. माझ्या मनात राहिलं ते हे तीन शब्दांचं प्रमाणपत्र.

बेळगावला जाईपर्यंत त्यांनी पायात बूट घातलेला नव्हता. चामड्याच्या चपलाही सणावारी. जन्मातलं पहिलं पादत्राण म्हणावं असं जे मिळालं ते सरकारी, जाड तळाचं, आणि चार दिवसांत दोन्ही टाचांचा चिंधडा झाला. लाजेखातर ते बोलले नाहीत. पाचव्या दिवशी रपेटीत लंगडताना उस्तादानं पकडलं. रंगरुटांना शिकवणाऱ्याला तिथं उस्ताद म्हणतात. आता शिक्षा मिळणार म्हणून आबा ताठ उभे राहिले. उस्तादानं त्यांना खाली बसवलं, स्वतः समोर मातीत बसला आणि बुटाची लेस सोडवली. रक्तानं मोजा चिकटला होता. त्यानं पाण्यानं भिजवून भिजवून तो काढला, घाई केली नाही.

"लहानपणी आयेनं पाय हातात घेतला आसंल," आबा म्हणायचे, "त्येच्यानंतर त्यो माणूस."

आबांचं सैनिकपण माझ्या मते त्या मातीत सुरू झालं. कसम परेड नंतर झाली.

केंद्रात रंगरुटांना यशवंत घाडगे यांची गोष्ट सांगत. नाईक यशवंत घाडगे रायगडच्या माणगाव भागातले, वय अवघं बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सगळे जण ठार किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ती त्यांनी बंद पाडली, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही गोष्ट ऐकून पोरांच्या अंगावर काटा यायचा आणि प्रत्येकाला घाडगे व्हावंसं वाटायचं. आबांना मात्र, पुढं स्वतः सेक्शन कमांडर झाल्यावर, त्या गोष्टीतला एक क्षण सोडवेना. वळून बघितलं आणि आपल्या माणसांतलं उभं कुणीच नाही. "धावून गेलं ते सगळ्यांस्नी दिसतं," ते म्हणायचे. "धावायच्या आधी त्येंनी मागं बघितलं आसंल का नाय?" याचं उत्तर ते कुणाकडून मागत नसत.

सेक्शन म्हणजे दहा माणसं. नाईक झाल्यावर आबांकडे ती दहा माणसं, म्हणजे ते धरून दहा. वीस पाय. संध्याकाळी जेवणाआधी पायांची तपासणी हे सेक्शन कमांडरचं कामच असतं, पायदळात ते राइफलीच्या तपासणीइतकंच महत्त्वाचं. आबांनी त्या कामात जीव ओतला. त्यांना माणसांचे चेहरे विसरायला झाले तरी पाय आठवायचे. जतकडचा एक जण होता, त्याच्या डाव्या पायाची करंगळी आत वळलेली. एकाच्या टाचेवर लहानपणी विळा लागल्याची खूण. एकाचे तळवे इतके मऊ की, "देवानं त्येला कारकून करायला पाठवलं आन् वाट चुकून हिकडं आला."

१९७१ च्या डिसेंबरात ते पहिल्या मराठामध्ये होते. ही १७६८ पासूनची पलटण. तिला जंगी पलटण म्हणतात. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडबरोबर ती मेघालयाच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात उतरली. जमालपूरला समोरून भिडण्याऐवजी ब्रह्मपुत्रा ओलांडून गावाच्या पाठीमागं जायचं आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसायचं, असं ठरलं. होड्या तिथल्या गावकऱ्यांच्या, सामान वाहायला त्यांच्याच बैलगाड्या. ९ डिसेंबरला क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याविषयी पत्र पाठवलं. उत्तर आलं त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. १० तारखेच्या रात्री एकतिसाव्या बलुच पलटणीनं वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला आणि रस्त्यावर मोर्चे धरून बसलेल्या मराठ्यांवर ती येऊन आदळली. ११ ला जमालपूर पडलं. त्याच दुपारी टांगाइलजवळ आपली दुसरी पॅरा आकाशातून उतरली, जी मूळची मराठाचीच तिसरी पलटण. १२ च्या संध्याकाळी दोन्ही पलटणी भेटल्या. १६ ला ढाका.

हे सगळं आबा दोन मिनिटांत सांगून मोकळे व्हायचे. गोळीच्या पत्राची गोष्ट तर पाव्हण्यांना हवी असायची म्हणूनच सांगायचे. त्यांचा पाय रेंगाळायचा तो नदीशी. नदी उतरल्यावर, पलीकडच्या वाळूत, डिसेंबरच्या थंडीत, सगळ्यांचे बूट पाण्यानं जड झालेले. पुढं चालायचं होतं, शेकोटी नाही, विडी नाही, बोलणं नाही. अंधारात आबांनी आपल्या माणसांचे पाय हातानं बघितले. एकेक बूट काढायला लावून, पाणी उपसून, बेचक्या पुसून, पाठीवरच्या पिट्टूतला कोरडा मोजा चढवायचा. मग दुसरा पाय. "डोळ्यानं दिसत नव्हतं. करंगळी लागली की कळायचं, ह्यो जतचा."

जतचा तो त्या रात्री गेला. दहांतले नऊ परत आले.

दर डिसेंबरात आबा पोस्टात जाऊन एक मनिऑर्डर करायचे. त्याची पावती डबीत जायची, आमसुलाच्या तेलाशेजारी. घरात यावर कुणी काही विचारलं नाही, आणि पेन्शनचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या वडिलांनी ती रक्कम कधी वहीत लिहिली नाही.

पंधरा वर्षं नोकरी करून आबा हवालदार म्हणून घरी आले. मग काही वर्षं साखर कारखान्यावर पहारा, मग शेती. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, ४ फेब्रुवारीला, म्हणजे मराठा दिनाला, कोटावर मेडलं. त्यांत पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल. मी त्यांना व्यासपीठावर बघितलं ते याच दिवशी. शाल-श्रीफळ घेताना ते अवघडून जायचे आणि खाली उतरल्यावर रांगेतल्या एखाद्या पोराला म्हणायचे, "बूट तंग हाय तुझा. बापाला सांग."

आजीला साखरेचा आजार निघाला तेव्हा मी पुण्याला होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, पायांकडे लक्ष ठेवा, या आजारात पायांची जाणीव जाते, जखम झालेली कळत नाही. बाकीच्यांनी पथ्य ऐकलं. आबांनी हे ऐकलं.

त्या संध्याकाळपासून घंगाळ पुन्हा ओसरीवर आलं. आजी बसायला तयार होईना. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या पाया पडते. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे तिला ब्रह्मांड आठवलं. "अवो, आसं करू नगा, पाप लागंल मला. पोरी बघत्यात." आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "नमस्कार करत न्हाई मी तुला. इन्स्पेक्शन हाय."

आठ वर्षं. पाऊस असो, लग्नघर असो, त्यांना स्वतःला ताप असो. पाणी आता फक्त कोमट, आणि ते आधी कोपरानं बघून घ्यायचे, कारण तिच्या पायाला चटका कळला नसता. आजीनं पहिले काही महिने पदर डोळ्यांवर ओढून बसायचं सोडलं नाही. मग हळूहळू ती त्या वेळेला बोलायला लागली. दिवसभरात कुणाशी काय झालं, माहेरी कोण आजारी आहे, पन्नास वर्षांपूर्वी आबा पलटणीत असताना सासू तिला काय काय बोलली होती. त्या बोलण्याला तोपर्यंत वेळही मिळालेली नव्हती आणि जागाही. आबा मान खाली घालून तिची बोटं पुसत ऐकायचे. मला वाटतं, त्यांचा संसार खऱ्या अर्थानं त्या घंगाळाभोवती झाला.

एका दिवाळीला मी घरी होते. आबा आजीचा पाय बघता बघता थांबले. तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, बाभळीचा काटा पार आत गेलेला होता. ती सकाळपासून त्यावर चालत होती. घर सारवलं होतं, फराळ केला होता, आणि तिला काहीच कळलं नव्हतं. आबांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. काटा त्यांनी काढला, तिला दाखवला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. पुढचे दोन महिने पट्टी बदलायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. तो पाय वाचला. ती गेली तेव्हा दोन्ही पायांनी धड गेली, आणि हे आबा पुढं कुणी न विचारताही सांगायचे.

त्या रात्री पट्टी बांधताना मी बॅटरी धरून बसले होते. त्यांनी पट्टीचं टोक चिरलं, दोन शेव घोट्याभोवती फिरवले आणि गाठ बाहेरच्या अंगाला मारली. आत का नाही, असं मी सहज विचारलं.

"आत मारली तर चालताना दुसऱ्या घोट्याला घासती." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. आजी उशाला टेकून डोळे मिटून पडली होती. मग ते त्याच आवाजात पुढं बोलले, जसं काही गाठीबद्दलच सांगत होते.

जमालपूरला, ११ तारखेच्या सकाळी, रस्ता मोकळा करायचा होता. पडलेल्या माणसांना बाजूला घ्यायचं होतं, आपल्यांना वेगळं, त्यांना वेगळं. त्यांच्यातला एक पोरगा रस्त्याकडेच्या उतारावर पडला होता. मिसरूड फुटलेलं. एका पायातला बूट निघून गेलेला. आबांचं लक्ष सवयीनं पायाकडे गेलं. टाचेला पट्टी होती. स्वच्छ, एकावर एक घड्या नीट बसवलेली, टोक चिरून बांधलेली. आणि गाठ बाहेरच्या अंगाला.

"सोताची सोता बांधली की गाठ म्होरं येती," आबा म्हणाले. "ती दुसऱ्यानं बांधलेली व्हती. पाय मांडीवर घेऊन." त्यांनी बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि विझवली. "त्यांच्यातबी कुणीतरी सांजचं पाय बघत व्हता."

त्याचं पुढं काय केलं, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्या पोराला उचलताना त्यांनी पायाकडची बाजू धरली.

त्यानंतर मी त्यांना युद्धाविषयी काही विचारलं नाही. त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलं, की आजोबा शूर होते का, तर मी हो म्हणते, कारण ते होते. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो उतारावर वाकलेला एक नाईक, रात्रभर ज्यांच्याशी लढला त्यांच्यातल्या एका अनोळखी माणसाचं पट्टी बांधणं ओळखणारा. मला वाटतं त्या सकाळी त्यांना आपल्यासारखा दुसरा माणूस दिसला, आणि तो कुठं पडला असेल, जगला असेल का, हे शोधायची कुठलीच वाट नव्हती. आम्हा तिघांचे, आजीचे, शेजारच्या पोरांचे, ऊसतोडीला आलेल्या बायकांच्या लेकरांचे पाय त्यांनी जे आयुष्यभर मांडीवर घेतले, ते घेताना या माणसाची सोबत त्यांना असावी.

आबा गेले ते श्रावणात. शेवटचे पंधरा दिवस अंथरुणावर होते. मी रजा घेऊन आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचा लवकर दुखावतात, हे मला त्यांच्याचमुळं माहीत होतं. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवल्या, रोज तेल लावलं, बघितलं. एकदा डोळे उघडून त्यांनी मला ते करताना पाहिलं. काही बोलले नाहीत. पाय मात्र त्यांनी स्वतःहून थोडा माझ्याकडे सरकवला.

ते गेले त्या सकाळी पावसाची झड लागली होती. पलटणीतले दोन म्हातारे तालुक्याहून आले होते, कोटावर मेडलं लावून, छत्र्या मिटून ओसरीवर उभे. अंगणात ताडपत्री बांधून, पाटावर बसवून आबांना आंघोळ घातली. मग घोंगडीवर निजवलं. नवं वस्त्र आलं, बुक्का आला, हार आला. पायांचे अंगठे एकमेकांना बांधायचा दोरा घेऊन माझे वडील पायाशी बसले.

मी म्हणाले, थांबा.

बोटांच्या बेचक्यांत पाणी होतं. वरून पाय सुके दिसत होते. मी घरात गेले, खुंटीवरचा त्यांचा टॉवेल आणला आणि उजवा पाय मांडीवर घेतला. तो गार होता, आणि जड. टॉवेलाचं टोक एकेका बेचकीत घालून पाणी टिपलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. तळव्याला कमान होती.

मागून कुणीतरी म्हणालं, उशीर होतोय, पाऊस वाढेल. त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकानं हात वर करून त्याला गप्प केलं.

मी दुसरा पाय घेतला.